जुन्या साड्या आणि टी-शर्टपासून क्रोशाने भेटवस्तूंच्या पिशव्या कशा विणाव्यात? सुई कितीची, वेळ किती लागतो, आणि जुन्या कापडाची पिशवी दिली तर लोकांना वाईट वाटतं का?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला आणि राहवलं नाही. सुईचं आणि वेळेचं सांगते, पण आधी 'वाईट वाटतं का' याचं उत्तर. हो, काहींना वाटतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना वाटलं होतं, आणि मुंजीचा घाणा भरायला जमलेल्या वीसेक बायकांसमोर त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. आज लिहिते.

मे २०१९ मध्ये माझ्या मुलाची मुंज होती. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, कार्यालय गंगापूर रोडला घेतलं होतं. त्याआधीच्या संक्रांतीला सासूबाईंनी त्यांचं कपाट उपसलं. जन्मभर सुती साडीच नेसलेली बाई. घरात नेसायच्या साड्या धुऊन धुऊन इतक्या विरल्या होत्या की उजेडात धरल्या तर पलीकडची खिडकी दिसायची. बोहारणीपुढे गठ्ठा टाकला, तिने दोन बोटांनी उचलून पाहिला आणि नको म्हणाली. जरीची असेल, धड सिंथेटिक असेल तर ती पातेलं देते. विरलेल्या सुतीवर चमचासुद्धा मिळत नाही. गोधड्या घरात आधीच पाच होत्या. सासूबाई म्हणाल्या, पायपुसणी कर. आठ साड्यांची पायपुसणी करायला माझं मन धजेना. ज्या साडीचा पदर धरून माझा मुलगा चालायला शिकला, ती दारात पाय पुसायला टाकायची?

मुंजीत बायकांना द्यायचं ते ठरलेलं होतं. नारळ, खण आणि पाव किलो चिवडा. बाहेरगावचे पाहुणे नाशिकहून चिवड्याशिवाय परत गेलेले आमच्याकडे चालत नाहीत. हे सगळं घालायचं कशात, एवढंच ठरायचं होतं. मी तेव्हा क्रोशाची तोरणं, ताटावरचे रुमाल करत होतेच. म्हटलं, पिशव्या विणू.

साडी कापायची नाही, फाडायची. सुती कापड सुताला धरून सरळ फाटतं, कात्री मात्र तिरकी जाते. आधी दोन्ही काठ वेगळे काढा. काठाची वीण दाट असते, त्यात सुई अडते, पण पिशवीचे बंद करायला काठासारखं दुसरं काही नाही. वजनाने ताणत नाहीत. फॉलही उसवून बाजूला ठेवा, त्याचेही बंद छान होतात. मग आडव्या कडेला साधारण अडीच सेंटिमीटरवर खाच द्यायची आणि लांबीने ओढत जायचं. पलीकडच्या टोकाला दोन बोटं कापड उरलं की थांबायचं, आणि पुढची खाच त्या टोकाकडून द्यायची. असं नागमोडी फाडत गेलं की अख्ख्या साडीची एकच अखंड पट्टी निघते, गाठी माराव्या लागत नाहीत. वळणावर चौकोनी कान राहतात, तेवढे कात्रीने गोल करा, नाहीतर विणीतून डोकावत राहतात. एका पाचवारी साडीतून दोनशे मीटरच्या आसपास पट्टी येते आणि एका पिशवीला पस्तीस ते चाळीस मीटर लागते. म्हणजे एका साडीच्या पाच पिशव्या. आमच्या आठ साड्यांच्या बरोबर चाळीस झाल्या.

सासूबाई दुपारी गॅलरीत बसून फाडायच्या, मी गुंडे करायचे. पहिली साडी फाडताना त्यांचा हात थांबला होता. कोणती साडी कोणाच्या बारशाला नेसल्या होत्या ते सांगायच्या आणि मग फाडायच्या. आठवी आमसुली इरकल होती, ती त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. कुणाच्या साड्या घेणार असाल तर फाडायचं काम त्यांच्याच हातून होऊ द्या, किंवा निदान त्यांच्यासमोर करा. कपाटातून परस्पर उचलू नका.

आता जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. एप्रिलमध्ये त्या पुण्याहून आल्या त्या दोनशे पिशव्यांचा गठ्ठा घेऊनच. मुलाचं नाव, गणपती आणि 'कृपया आशीर्वाद असू द्यावा' असं छापलेल्या, चकचकीत, केशरी. म्हणाल्या, 'प्लास्टिकबंदी आहे ना, म्हणून मुद्दाम कापडी घेतल्या.' त्या कापडी नव्हत्याच. त्या नॉन-वोव्हन होत्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. हाताला कापडासारखं लागतं म्हणून लोक फसतात. राज्य सरकारची बंदी मार्च २०१८ मध्ये जाहीर झाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळेला ५,००० रुपये. त्या यादीत नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांचं नाव स्पष्ट होतं. पुढे केंद्राच्या नियमात ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) आतल्या नॉन-वोव्हन पिशव्यांना मनाई झाली. मी देवघरातली काडेपेटी आणली आणि ताईंसमोरच एका पिशवीचा कोपरा पेटवला. तो वितळला, आकसला आणि त्याचा कडक मणी झाला. शेजारी साडीची चिंधी पेटवली, ती कागदासारखी जळाली आणि चिमूटभर राख उरली. तुम्हीही घरातलं कापड असंच पारखा, हवाबंद खोलीत नको, आणि चिमट्यात धरून.

हे मी चारचौघांत केलं नव्हतं, स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तरी त्यांना ते लागलं. पैसे त्यांनी खर्चले होते, प्रेमाने आणल्या होत्या, हे मला कळत होतं. पण त्याचा हिशेब त्यांनी घाणा भरायच्या दिवशी चुकता केला. माझ्या पिशव्या ताटात रचून ठेवल्या होत्या. त्यातली एक उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाल्या, 'चार लोकांत जुनेर वाटायला आपण काय भिकेला लागलोय?'

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांचीच जुनेरं होती ती. त्या काही बोलल्या नाहीत, हळकुंडाला दोरा बांधत राहिल्या.

ताई, तेव्हा मला सुचलं नाही ते आता लिहिते. आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याला पहिलं कापड जुनं घालतात. नवं बोचतं म्हणून आजीच्या मऊ झालेल्या साडीची दुपटी असतात, झबलीही जुन्यातूनच शिवतात. तुमची दोन्ही लेकरं याच इरकलीत गुंडाळून दवाखान्यातून घरी आली. त्या दिवसाहून शुभ दिवस कुठला? गोधडी जुनेराचीच असते आणि लेकीला सासरी जाताना आई ती देते, तेव्हा कुणी भिकेला लागलेलं नसतं. पूजेला, ओटीला कोरं वस्त्र लागतं हे मलाही मान्य आहे. म्हणूनच खण कोरा होता. नारळ नवा होता, चिवडा त्याच दिवशी सकाळचा. जुनी होती ती फक्त बाहेरची पिशवी, आणि ती सासूबाईंनी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, स्वतः फाडून दिलेल्या साडीची होती.

मुंजीत दोन्ही प्रकार वाटले गेले. चाळीस माझ्या, बाकी केशरी. रात्री कार्यालय रिकामं करताना केशरी पिशव्या खुर्च्यांखालून, जिन्यातून गोळा केल्या, काहींत उष्टे द्रोण भरलेले होते. माझी एकही तिथे सापडली नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या पिशव्यांनीही दगा दिला. शेवटच्या बारा पिशव्या मला घाईत उरकाव्या लागल्या, म्हणून मुक्या खांबाऐवजी (तो आखूड, घट्ट टाका, इंग्रजीत सिंगल क्रोशे) साधे खांब घातले. खांब उंच असतो, पिशवी भराभर वाढते, पण वीण मोकळी पडते. नारळ घातल्यावर त्या पिशव्या लोंबून गुडघ्यापर्यंत आल्या आणि आमच्या मावससासूबाईंच्या पिशवीतून खण जिन्यातच खाली घसरला. ताईंनी तो उचलून दिला आणि माझ्याकडे पाहिलं. तिथे चूक माझीच होती. पाहुण्याच्या हातात दिलेली वस्तू ओझं पेलणारीच हवी. त्या बाराही पिशव्या मी नंतर घरोघर जाऊन बदलून दिल्या.

तेव्हा लक्षात ठेवा, नारळ, डबा, द्राक्षं असं वजन जाणार असेल तर फक्त मुका खांब, घट्ट. १२ साखळ्या घाला, साखळीच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब, टोकांच्या साखळीत तीन-तीन. दुसऱ्या फेरीत टोकांनाच वाढवून सगळे मिळून ३० करा. हा झाला तळ. पुढे न वाढवता गोल गोल १६ फेऱ्या. पिशवी साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि २० उंच होते. बंद वरच्या फेरीत नुसते गाठवू नका, दोन फेऱ्या खालून ओवून घ्या. बाटलीसाठी हवी असेल तर (आमच्या शेजाऱ्यांनी वाईनच्या बाटलीला मागितली होती, नाशिकच्या भेटीत तीही असते) साखळी न घालता गोल तळापासून सुरुवात करा, तळ नऊ सेंटिमीटरचा आणि उंची तीस धरा.

टी-शर्टचं विचारलंय. एका मोठ्या माणसाच्या टी-शर्टात पिशवी होत नाही, दोन लागतात. काखेखालचा भागच घ्यायचा, छापील चित्र असलेला वगळायचा, आणि गोल गोल अखंड पट्टी कापायची. मग पट्टी हाताने ताणायची, ती आपोआप आत वळून गोल दोऱ्यासारखी होते. विणायला हे सगळ्यात सोपं, नवशिक्याने इथूनच सुरू करावं. पण होजिअरीची पिशवी ओझ्याने ताणते, तिच्यात हलकी भेट द्या. उशीचे सुती अभ्रे, जुन्या चादरी उत्तम. जीन्सच्या वाटेला जाऊ नका, मनगट जाईल. सिंथेटिक साडी सहसा सरळ फाटत नाही, कापावी लागते, आणि कडेने दोरे सुटत राहतात.

दुधाच्या पिशव्यांचंही करतात. दोन्ही टोकं कापून तीन सेंटिमीटरची कडी पाडायची आणि रबरबँड एकमेकांत अडकवतो तशी जोडत जायची. अर्ध्या लिटरच्या पन्नासेक पिशव्या लागतात. आधी गार पाण्याने, मग साबणाने धुवा, सायीचा वास राहिला तर तो जात नाही. मला ही पिशवी भेट म्हणून आवडत नाही. भाजीला घरात वापरावी. उन्हात राहून ती पुढे ठिसूळही होते.

वेळ. मला एका पिशवीला अडीच ते तीन तास लागतात, फाडणं आणि गुंडे करणं वेगळं. संक्रांतीला सुरू केलं तर मेपर्यंत चाळीस होतात, पण घरची कामं सांभाळून त्याहून जास्त होत नाहीत. म्हणून दोनशे पाहुण्यांना द्यायचा विचार सोडून द्या, जवळच्यांना द्या. आणि कुणी 'पन्नास रुपयांना एक करून देशील का' विचारलं तर नाही म्हणा. क्रोशाचा टाका हातानेच घालावा लागतो, तीन तासांचे पन्नास रुपये कुणी कुणाला देऊ नयेत.

दमा असेल तर साड्या फाडू नका, विरलेल्या सुतीचं तूस फार उडतं. मला आठवडाभर खोकला होता. सासूबाईंच्या नाकावर मी ओला रुमाल बांधायचे. जुन्या साडीचा रंग सहसा जात नाही, पण लाल आणि जांभळ्याचा भरवसा नको; पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा, पिशवीत कोरा खण जाणार असेल तर नक्कीच.

ताईंशी आमचं बोलणं-जाणं नीट आहे. पण गेल्या हळदीकुंकवाला त्यांनी पुन्हा चकचकीत पिशवीतच वाण दिलं आणि मी दिलेलं वाण पिशवीतून काढून पिशवी मला परत केली. मी ती घेतली नाही. यंदाही त्यांना त्याच इरकलीच्या पट्टीची देणार आहे, अर्धा गुंडा अजून शिल्लक आहे.

आणि सुई राहिलीच. साडीच्या आणि टी-शर्टच्या पट्टीला ८ मिलिमीटरची, लाकडी किंवा प्लास्टिकची. रुमालाच्या बारीक स्टीलच्या सुईने हे होणार नाही. दुधाच्या पिशव्यांना ६ ची पुरते.