ग्ल्युकेल वाचायला घेतेस, तर…

पहिलं काम म्हणजे ती या आठवणी कुणासाठी लिहितेय ते बघ. हॅम्बुर्गची ही ज्यू व्यापारी बाई १६८९मध्ये विधवा झाली. रात्री झोप येईना, मन खायला उठायचं, म्हणून १६९१च्या सुमारास यिद्दिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, लिहायला बसली, तेही मुलांसाठी. म्हणजे नवऱ्याचं कौतुक, जावयांची घराणी, हुंड्याचे आकडे हे सगळं आईच्या तोंडचं आहे. हुंड्याची रक्कम लगेच खरी धरू नकोस. पण कुठलं स्थळ तिला मानाचं वाटतं, ते मात्र पक्कं कळतं.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती तिच्या सासऱ्यांची पिंपं. शब्बताई त्स्वी नावाचा ज्यू माणूस हाच मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघत होते तो तारणहार, या बातमीवर विश्वास ठेवून त्यांनी कापड, वाटाणे, सुकं मांस पिंपांत भरून हॅम्बुर्गला धाडलं. का, तर बोलावणं आलं की थेट पवित्र भूमीच्या जहाजात चढवता यावं! १६६६मध्ये त्स्वीने इस्लाम स्वीकारला, तरी पिंपं तशीच पडून. लोकांनी वाट कशी पाहिली, हे एरवी कुठे सापडणार?

फक्त हेही ध्यानात ठेव, की ती पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहितेय, शेवट ठाऊक असताना. शिवाय तिच्या हातचं मूळ लिखाण हरवलंय. १८९६ची छापील आवृत्ती घरच्यांनी केलेल्या नकलेवरून निघाली. भाषांतर घेतलंस तर काटछाट केलेलं नाही ना, एवढं आधी तपास. मी तिथेच फसलो होतो.