गॅस भरण्याआधी जाळी बघा

उन्हाळा तोंडावर आला की एसीबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदाचे बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात: इनडोअर युनिटचं झाकण उचललं की दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीपाशी. त्यातले काही निवडले आहेत.

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. एकीकडे रस्त्याचं काम, मागे नवा टॉवर. खिडक्या बंद ठेवूनही घरभर धूळ. वर्षाला दोन सर्व्हिसिंग घेतो, ते पुरेसं आहे का?

सर्व्हिसिंग दोन पुरेत, जाळीला पुरत नाहीत. तुमच्या भागात एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. त्यासाठी माणूस बोलवायची गरज नाही, दहा मिनिटांचं काम आहे. मेन स्विच बंद करा, झाकण वर उचला, जाळी थोडी वर ढकलून खाली ओढा. आधी कोरडी धूळ ब्रशने झटका. मग धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे कचरा आत न रुतता बाहेर पडतो. तेलकट असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. गीझरचं कढत पाणी नको, जाळी वाकडी होते. उन्हातही ठेवू नका. सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा. जाळी साफ आहे की नाही ते ट्यूबलाइटसमोर धरून बघा, उजेड सरळ आरपार यायला हवा.

ऐरोलीत खाडीच्या बाजूला घर आहे. एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो, मग पाणी गळतं. दर उन्हाळ्यात टेक्निशियन ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून जातो. इतका गॅस लागतो का?

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला पुढच्या वर्षीही तुम्ही बोलावणारच.

पण बर्फ दिसला म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. जाळी तुंबली की खोलीतली उबदार हवा कॉइलपर्यंत, म्हणजे जाळीमागच्या थंड नळ्यांपर्यंत, पोचत नाही. कॉइल शून्याखाली जाते, हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो. त्या बर्फाने उरलीसुरली वाटही बंद होते, मग बर्फ आणखी वाढतो. एसी थांबला की तोच वितळून भिंतीवरून ओघळतो. गॅस कमी असला तरी दाब पडून कॉइल अशीच गोठते. लक्षण एक, कारणं दोन, आणि बिलात फरक हजारोंचा.

म्हणून फोन करण्याआधी एवढं करा. कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड दोन-तीन तास चालवा, बर्फ वितळू द्या. जाळी धुऊन, वाळवून लावा. पुन्हा कूलिंग सुरू करा. बर्फ धरला नाही तर प्रश्न जाळीचाच होता. धरलाच तर आधी ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, आणि कॉइल आतून धुऊन घ्या. त्यानंतरही बर्फ आला तर गळतीचा संशय घ्या, आणि टेक्निशियनला स्पष्ट सांगा: नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचा फेस लावून गळती दाखव, ती बंद कर, मगच गॅस. खाडीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच तो कुजका वास. तांब्याला तो चांगला नाही. त्यामुळे तुमच्याकडे कॉइलला बारीक भोकं पडण्याची शक्यता मी नाकारणार नाही. पण दाखवल्याशिवाय मानू नका.

मुलाला दमा आहे, आम्ही कळंबोलीत राहतो. नव्या एसीत ‘पीएम २.५ फिल्टर’ आहे. वेगळा एअर प्युरिफायर घ्यावा का?

साधी जाळी मशीनला जपते, फुप्फुसांना नाही. ती केस, कापसाचे तंतू, मोठी धूळ अडवते. २.५ मायक्रॉनचा कण तिच्या भोकांतून सहज जातो. जाळीमागे लावलेली पातळ पट्टी थोडंफार अडवते, पण ती ठरावीक मुदतीने बदलावी लागते आणि बहुतेक घरांत कधीच बदलली जात नाही. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तो इतका दाट असतो की स्प्लिट एसीच्या पंख्याला त्यातून पुरेशी हवा ओढता येत नाही. म्हणून प्युरिफायर वेगळा असतो. मुलाच्या झोपायच्या खोलीच्या मापाचा घ्या, पण आधी डॉक्टरांशी बोला. आणखी एक: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. दिवसातून थोडा वेळ खिडकी उघडावीच लागेल, शक्यतो ट्रकची वर्दळ कमी असताना.

पावसाळ्यात एसी लावला की कुबट वास येतो. परफ्यूमची वडी लावू?

नको. ओल्या कॉइलवरची बुरशी आहे ती. झोपेतून उठल्यावर कूलिंग बंद करून अर्धा तास फॅन मोड चालवा, कॉइल वाळते. तरी वास राहिला तर ड्रेन ट्रे आणि पाइप साफ करून घ्या.

आम्ही दोघं नौपाड्यातून सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला आलो आहोत. तळघरातल्या फर्नेसचा फिल्टर काळा झालाय. धुवू का?

थांबा, तो कागदी असणार. धुतलात तर लगदा होईल. तिकडे एकच यंत्रणा डक्टमधून घरभर गरम आणि थंड हवा पाठवते, आणि तो घडीदार फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. एक इंच जाडीचा असेल तर साधारण एक ते तीन महिन्यांनी. चौकटीवर माप छापलेलं असतं, तेच आणा. शेजारी ‘मर्व्ह’चा आकडा असतो: ८ म्हणजे साधारण, १३ म्हणजे बरेच बारीक कण अडवणारा. जास्त आकडा बघून लगेच भुलू नका, जुन्या फर्नेसच्या ब्लोअरला त्यातून हवा ओढणं जड जातं. जावईबापूंना मॅन्युअल काढायला सांगा. नवा बसवताना चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेला हवा. काढण्याआधी थर्मोस्टॅटवरून यंत्रणा बंद करायला विसरू नका.