बॅरियर म्हणजे अडथळा नव्हे, अडसर

प्रश्न: लिनक्सच्या स्टोरेज ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरची रजिस्टरं (उपकरणाशी बोलायच्या छोट्या जागा) वाचण्या-लिहिण्याचा जुना कोड साफ करतोय. मराठी टिपणात 'मेमरी बॅरियर'ला 'स्मृती-अडथळा' लिहावं का? आणि 'व्होलाटाइल'ला काय म्हणावं?

'स्मृती-अडथळा' कृपा करून लिहू नका. अडथळा वाट बंद करतो. मेमरी बॅरियर म्हणजे कोडमधली एक सूचना; ती वाट बंद करत नाही, वाचन-लेखनाचा क्रम राखते: अलीकडचं लिखाण आधी, पलीकडचं नंतर.

यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे, अडसर. बॅरियर फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे 'बार', म्हणजे आडवा दांडा. कोर्टातला कठडा तो बार, त्यावरून बॅरिस्टर आणि बार असोसिएशन. पेयं मांडायचं आडवं फळकूट तेही बार. एम्बार्गोसुद्धा याच कुळातला. (पीसीआय, म्हणजे संगणकाला उपकरणं जोडणारी बस, हिच्यातला 'बार' वेगळा, ती बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरची आद्याक्षरं.) आपला अडसर म्हणजे हुबेहूब हाच दांडा: वाड्याचं दार लावलं की भिंतीतल्या पोकळीतून ओढून समोरच्या खाचेत सरकवायचा. त्यातला 'अड' हा आड, आडवा, अडणे यांच्या घरचा. अडकित्ता मात्र इथे ओढू नये, तो कानडी अडके म्हणजे सुपारीवरून आलाय. वर्तमानपत्रांनी 'विकासातला अडसर' लिहून लिहून या शब्दाचा पार अडथळा करून टाकला. रूढ झालं म्हणून ते बरोबर, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. दांड्याचा अर्थ जपायलाच हवा.

आणि हा फरक थेट कोडला भोवतो. एनव्हीएमई या एसएसडीच्या मानकात 64 बाइटची कमांड रॅममधल्या रांगेत ठेवायची आणि मग 0x1000 पासून सुरू होणाऱ्या डोअरबेल (नवं काम आल्याचं कळवणाऱ्या) रजिस्टरांपैकी आपल्या रांगेच्या रजिस्टरात राइटएल या लिनक्सच्या लेखन-फंक्शनने शेपटीचा, म्हणजे रांगेच्या टोकाचा, आकडा लिहायचा. कमांड आधी पोचलीच पाहिजे, म्हणून लोक मध्ये डब्ल्यूएमबी, म्हणजे लिखाणांचा बॅरियर, घालतात. गरज नाही, राइटएलच्या पोटातच तो अडसर आहे. राइटएल-रिलॅक्स्ड (तो अडसर नसलेला भाऊ) वापरलंत तरच तो स्वतः घाला. रॅममधल्या डिस्क्रिप्टरची (उपकरणाने वाचायच्या कामाच्या नोंदीची) बाकीची फील्डं भरून शेवटी 'तयार' बिट लावता, तिथला डीएमए-डब्ल्यूएमबी (उपकरणही वाचतं त्या रॅममधल्या लिखाणांचा बॅरियर) मात्र काढू नका.

'अडथळा' म्हणणाऱ्यांना वाटतं की बॅरियर घातला म्हणजे लिखाण उपकरणापर्यंत पोचलं. ते पोचलेलं नसतं. पीसीआयवरचं लिखाण वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं. साटा (डिस्क जोडायचं मानक) पोर्ट रीसेट करताना त्याच्या नियंत्रण रजिस्टरातल्या डेट फील्डमध्ये 1 लिहून ते किमान 1 मिलिसेकंद ठेवावं लागतं. लिहिल्याबरोबर थांबायला लागलात, तर तुमचा मिलिसेकंद लिखाण पोचायच्या आधीच सुरू होतो आणि रीसेट कधी लागतो, कधी लागत नाही. तेच रजिस्टर एकदा वाचून घ्या, मग थांबा. साफसफाईत 'हे वाचन कुणी वापरतच नाही' म्हणून नेमकी हीच ओळ उडवली जाते.

व्होलाटाइल (दरवेळी खरंच वाच-लिही, असं कंपायलरला सांगणारा सी भाषेतला शब्द) लॅटिनमधल्या 'उडणे' या क्रियापदावरून आलाय. रसायनात 'बाष्पनशील' चालतं, इथे तसंच व्होलाटाइल लिहा. रजिस्टरांच्या स्ट्रक्टवरून मात्र ते काढा: आयओरीमॅपने (रजिस्टरांचा पत्ता कोडला मिळवून देणाऱ्या फंक्शनने) दिलेल्या पॉइंटरला आयओमेमची (हा पत्ता उपकरणाचा, अशी) खूण लावा, प्रत्येक थेट वाचन-लेखन रीडएल-राइटएलमधून न्या आणि 'मेक सी=2' देऊन स्पार्स या कोड-तपासनिसाच्या तक्रारी बघा. त्या गप्प करायला कास्ट (जबरदस्तीचा टाइप-बदल) घालू नका. आधी हाताने केलेली लिटल-एंडियन (सगळ्यात लहान बाइट आधी) अदलाबदलही काढा. राइटएल ती स्वतः करतो, त्यामुळे बिग-एंडियन मशीनवर ती दोनदा होऊन बाइट उलटे पडतात.