२७ इंची ४के मॉनिटरशेजारी जुना २४ इंची फुल एचडी लावला तर चालेल का?

चालेल, पण दिवसभर कोडिंग किंवा एक्सेल करायचं असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे, २७ इंची २५६०×१४४० पिक्सेलवाले घ्या. कारण ४के मध्ये इंचाला साधारण १६३ पिक्सेल बसतात आणि तुमच्या जुन्यात ९२च, त्यामुळे स्केलिंग (स्क्रीनवरची अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) वेगवेगळं ठेवावं लागतं आणि प्रोग्रॅमची खिडकी एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर ओढली की मधेच आकार बदलतो, अक्षरं कधी कधी धूसर दिसतात, माउस पण कडेला अडकतो, रोजच्या कामात हे फार टोचतं (मी दोन्ही प्रकार वापरलेत). जुना फक्त चॅट-मेलसाठी उभा लावणार असाल तर खुशाल ठेवा. लॅपटॉप असेल तर आधी तो किती बाहेरचे स्क्रीन चालवतो ते बघा, एम१ मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच चालवतो.