वाचकांचे प्रश्न : ‘अनकेम्प्ट’, ‘शॅबी’ की ‘डिलॅपिडेटेड’?

प्रश्न : इंग्रजीत वर्णन लिहिताना न विंचरलेले केस, रंग उडालेली खुर्ची, तणाने भरलेली बाग आणि पडायला आलेले घर या सगळ्यांसाठी माझ्या लेखणीतून ‘अनटायडी’ आणि ‘डर्टी’ हे दोनच शब्द उतरतात. शब्दकोशात ‘अनकेम्प्ट’, ‘शॅबी’, ‘डिशेव्हल्ड’, ‘डिलॅपिडेटेड’ असे पुष्कळ शब्द सापडतात, परंतु त्यांच्यापुढे ‘अव्यवस्थित’ किंवा ‘गबाळा’ एवढेच लिहिलेले असते. कोणता शब्द कुठे वापरावा?

उत्तर : हे शब्द ‘किती अव्यवस्थित’ या मापाने निवडायला गेले की घोटाळा होतो, कारण त्यांची वाटणी मुख्यतः ‘कशामुळे अव्यवस्थित’ या प्रश्नावर झालेली आहे. वस्तू आवरलेली नाही, वापरून झिजली आहे, की तिच्याकडे कोणी फिरकलेलेच नाही, हे आधी ठरवावे. मग निम्मे शब्द आपोआप गळतात.

‘अनटायडी’ हा यांतला सर्वांत सौम्य शब्द. वस्तू जागच्या जागी नाहीत एवढेच तो सांगतो आणि आवरले की तो लागू होत नाही. खोली अनटायडी असूनही स्वच्छ असू शकते, तशीच नीट लावलेली खोली कळकट असू शकते, त्यामुळे ‘डर्टी’शी त्याची अदलाबदल करू नये. वस्तूंची नुसती दाटी झाली असेल, तर ‘क्लटर्ड’ म्हणावे.

खरी गंमत ‘डिशेव्हल्ड’ आणि ‘अनकेम्प्ट’ या जोडीत आहे. दोन्ही शब्द मुळात केसांचे. ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेले, आणि ‘डिशेव्हल्ड’च्या पोटात केसांसाठीचा जुना फ्रेंच शब्द दडलेला आहे. आज मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. ‘डिशेव्हल्ड’ ही बहुधा तात्पुरती अवस्था असते : वाऱ्याने, धावपळीने किंवा नुकतीच झोपमोड झाल्याने विस्कटलेला माणूस, जो एरवी व्यवस्थित असू शकतो. ‘अनकेम्प्ट’मध्ये मात्र बऱ्याच दिवसांची हेळसांड असते, म्हणून तो दाढीला लागतो तसाच हिरवळीला आणि बागेलाही लागतो, आणि तुमच्या तणाने भरलेल्या बागेला तोच शोभेल. बागेला ‘डिशेव्हल्ड’ म्हटले, तर ती लाक्षणिक उधळण होईल, साधे वर्णन नव्हे. विस्कटलेल्या केसांबद्दल लिहिताना सूर कौतुकाचा असेल, तर ‘टाउझल्ड’ हा शब्द आहे. जाता जाता उच्चाराविषयी : ‘डिस-हेव्हल्ड’ असे दोन तुकडे पाडून वाचण्याची चूक फार आढळते, मधला उच्चार ‘शे’ असाच आहे.

‘शॅबी’ हा झिजण्याचा शब्द आहे. कोट, सोफा, हॉटेल, काहीही शॅबी असू शकते, पण ते कधीकाळी बरे होते आणि आता त्याची रया गेली आहे, असे त्यात गृहीत असते. म्हणून कोरी वस्तू कितीही ओबडधोबड असली तरी तिला ‘शॅबी’ म्हणत नाहीत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात या शब्दाला भाषेत थारा देऊ नये, असा शेरा मारला होता. भाषेने तो मानला नाही, हे बरेच झाले. हलकट वागणुकीलाही हाच शब्द लावतात. नुसते कापड विरले असेल, तर ‘थ्रेडबेअर’ अधिक नेमका. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या सबबीलाही तो चालतो. ‘स्क्रफी’ माणसाच्या किंवा कुत्र्याच्या गबाळ्या रूपासाठी आहे आणि त्यात बरेचदा आपुलकी असते, जरी त्याचे मूळ डोक्यातल्या कोंड्याशी जाऊन भिडते.

इमारतींचे शब्द वेगळे ठेवावेत. मोडकळीस आलेली ती ‘डिलॅपिडेटेड’. तीत माणसे राहत असतील किंवा नसतीलही. ‘डेरिलिक्ट’ म्हणजे सोडून दिलेली, ओसाड. समुद्रात टाकून दिलेल्या जहाजालाही कायद्याच्या भाषेत हेच म्हणतात. ‘रॅमशॅकल’मध्ये खिळखिळेपणा प्रमुख असतो, जणू एखादा धक्का बसताच सारे कोसळेल. ‘डिलॅपिडेटेड’च्या मुळाशी लॅटिनमधला दगड आहे, तरी लाकडी घरालाही तो शब्द बिनदिक्कत वापरावा. ब्रिटनमध्ये त्याचेच नामरूप भाडेकराराच्या व्यवहारातही आढळते : करार संपताना भाडेकरूवर येणाऱ्या दुरुस्तीच्या दायित्वाला ‘डिलॅपिडेशन्स’ म्हणतात. संपूर्ण भागालाच अवकळा आली असेल, तर ‘रन-डाउन’ पुरेसा आहे.

प्रश्न : ‘स्लव्हन्ली’ हे क्रियाविशेषण आहे का?

उत्तर : शेवट फसवा असला तरी आजच्या लेखनात ते विशेषण म्हणूनच वापरावे, जसे ‘फ्रेंडली’. क्रियेबद्दल सांगायचे असल्यास ‘इन अ स्लव्हन्ली मॅनर’ अशी रचना करावी. हा शब्द माणसाच्या सवयीवर बोट ठेवतो. एका दिवसाच्या अवतारावरून तो कुणाला चिकटवू नये.

प्रश्न : एका अहवालात मी काही घरांना ‘स्क्वॉलिड’ म्हटले. तपासणाऱ्यांनी तो शब्द खोडला. तो चुकीचा आहे का?

उत्तर : व्याकरणाने चुकीचा नाही, परंतु अहवालासाठी जड आहे. ‘स्क्वॉलिड’मध्ये घाण आणि दैन्य यांबरोबर किळसही येते, आणि ती किळस घराकडून नकळत घरात राहणाऱ्यांकडे सरकते. ‘सीडी’ची गतही तीच : मूळ अर्थ बी धरून सुकत चाललेल्या रोपाचा, पण आता त्याला संशयास्पद धंद्यांचा वास येतो. ‘निग्लेक्टेड’ त्या मानाने संयत वाटतो, तरी देखभाल करणे कुणाचे तरी काम होते आणि ते झाले नाही, असा ठपका त्यात असतोच. तो ठेवायचा असेल आणि पुरावा हाताशी असेल, तरच तो शब्द घ्यावा. अन्यथा ‘इन पुअर रिपेअर’ लिहावे आणि पुढच्याच वाक्यात छत गळते, भिंतीला ओल आहे, जिन्याचा कठडा तुटला आहे, असे जे दिसले ते नोंदवावे.