'लिक्विड-कूल्ड' इंजिन: थंड केलेलं की निवणारं?

नागपूरच्या एका तंत्रनिकेतनातल्या शिक्षिकेचा प्रश्न आहे: "विमानांच्या इंजिनांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण करते आहे. 'लिक्विड-कूल्ड' आणि 'एअर-कूल्ड' यांना 'द्रवशीतित', 'वातशीतित' म्हणू, की सरळ 'द्रवाने थंड केलेलं', 'हवेने थंड केलेलं' लिहू?"

सरळच लिहा, पण 'थंड' आणि 'केलेलं' हे दोन्ही शब्द बदला.

'-लेलं' आलं की मराठीत काम उरकलेलं असतं. तळलेली भजी, वाळवलेले पापड. 'थंड केलेलं इंजिन' वाचून मुलांना वाटेल की विमान उतरलं, इंजिन बंद झालं आणि आता गार पडलंय. सांगायचं तर नेमकं उलट आहे: इंजिन पूर्ण जोरात चालू आहे आणि त्याची उष्णता सतत काढून नेली जाते आहे. असा कायमचा गुण सांगायला आपल्याकडे '-णारं' आहे.

'थंड'च्या जागी 'निवणं' घ्या. चहा निवतो, भात निवतो, राग निवतो. या क्रियापदात आधीची आच गृहीत धरलेली असते; बर्फ थंड असतो, निवलेला नसतो. शिवाय किती निवायचं याचं मापही त्यात आहे. 'चहा निवू दे' म्हणणाऱ्याला तो पिण्याजोगा हवा असतो, गारढोण नव्हे. संस्कृत 'निर्वा' या धातूपासून आलेला हा शब्द, म्हणजे 'निर्वाण'चा सख्खा नातेवाईक. असा शब्द हाताशी असताना तो स्वयंपाकघरापुरता ठेवणं मला पटत नाही.

इंजिनाच्या बाबतीत तो किती अचूक बसतो ते आकड्यांतून दिसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रोल्स-रॉइस मर्लिन हे बारा सिलिंडरचं इंजिन. त्यात फिरणारा द्रव आधी निव्वळ ग्लायकॉल हे रसायन होता, नंतर 70 टक्के पाणी आणि 30 टक्के ग्लायकॉल, तोही दाबाखाली. जोरात चढताना तो सव्वाशे अंशांच्या घरात जायचा. मोठ्या रेडियल, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरच्या आणि हवेवर निवणाऱ्या, इंजिनात सिलिंडरच्या डोक्याचं तापमान अडीचशे अंशांपर्यंत चालतं. यातलं काय थंड म्हणायचं? आपला नागपुरी कूलर मात्र खरंच थंड करतो: ताट्यांवरचं पाणी उडून जाताना मेमधल्या 45 अंशांच्या हवेला बाहेरपेक्षा गार करून घरात सोडतो. विमानाचा रेडिएटर, म्हणजे द्रवातली उष्णता हवेत सोडणारा भाग, भोवतालच्या हवेहून गार होऊच शकत नाही.

म्हणून 'द्रवाने निवणारं इंजिन' आणि 'हवेने निवणारं इंजिन'. दुसऱ्याचं उदाहरण गावातलंच द्या. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डकोटा विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करत. त्या डकोटांना प्रॅट अँड व्हिटनीची चौदा सिलिंडरची रेडियल इंजिनं होती. सिलिंडर गोलाकार मांडलेले, प्रत्येकावर धातूच्या पातळ फिन, आणि त्यांमधून जाणारी हवा. 'फिन'ला 'पंख' म्हणू नका, विमानात पंख वेगळे आहेत. 'पाती'ही नको, ती प्रोपेलरची. 'फिन' गॅरेजमधल्या पोरालाही कळतं. 'कूलंट' (इंजिनात फिरणारा तो द्रव), 'रेडिएटर' हेही तसेच राहू द्या.

एक तळटीप जरूर घाला: द्रवाने निवणारं इंजिनही शेवटी हवेनेच निवतं. द्रव फक्त उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतो. मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानात पोटाखालच्या बोगद्यात रेडिएटर असा बसवला होता की त्यातून तापून फुगलेली हवा मागे सुटताना थोडा पुढचा रेटाही देई आणि रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघे. मेरेडिथ नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने 1930 च्या दशकात हे तत्त्व मांडलं.

जेट इंजिनाकडे वळलात की 'थंड हवा' हा शब्दप्रयोग अगदीच टाळा. टर्बाइनच्या, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चक्राच्या, पहिल्या पात्यांवर येणारा वायू 1500 अंशांच्या वर असतो, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो साधारण 1350 अंशांना वितळतो. तरी पाती टिकतात, कारण कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या पुढच्या भागातून, काढून घेतलेली हवा पोकळ पात्यांच्या आतल्या नागमोडी वाटांनी फिरते आणि बारीक भोकांतून बाहेर येऊन पात्याच्या अंगावर पसरते. दाबली गेल्यामुळे ही हवा स्वतःच पाच-सहाशे अंशांची असते! तिला 'निववणारी हवा' म्हणा. पात्यावर पसरणाऱ्या तिच्या थरासाठी, म्हणजे 'फिल्म कूलिंग'मधल्या 'फिल्म'साठी, मी 'पापुद्रा' सुचवेन. 'पडदा' लोंबतो आणि 'लेप' चिकटून बसतो; ही हवा मात्र पात्याला लगटून वाहते आणि मागून नवी येत राहते. 'पापुद्र्या'त ते वाहणं येत नाही, पण पातळपणा नेमका येतो. वाहण्यासाठी 'हवेचा वाहता पापुद्रा' लिहा.

'द्रवशीतित' तक्त्याच्या मथळ्यात जागा वाचवायला ठेवायचा असेल तर 'द्रवशीत' करा. '-इत'ची तिथे गरज नाही.