वाचक विचारतात : कराटेतल्या दहा जागा आणि पहिला गुण

प्रश्न : मोरोक्कोची बतिसाम सादिनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ६१ किलोखालच्या गटात लढली. माझी मुलगी ५० किलोखाली खेळते. ऑलिंपिकच्या यादीत तो गटच दिसला नाही. असं कसं? – एक पालक, सांगली

उत्तर : जागतिक स्पर्धेत महिलांच्या कुमितेचे, म्हणजे समोरासमोरच्या लढतींचे, पाच वजनगट असतात : ५०, ५५, ६१ आणि ६८ किलोखालचे, आणि ६८ किलोवरचा. टोकियोत त्यांचे तीनच केले. ५० आणि ५५ एकत्र, ६८ खालचा आणि वरचा एकत्र. ६१ चा गट तेवढा जसाच्या तसा राहिला. बतिसामला ना वजन वाढवावं लागलं, ना आपल्याहून जड मुलींशी झुंजावं लागलं. पन्नास किलोच्या मुलीला मात्र पाच किलो जास्त वजनाच्या, बहुधा लांब पायांच्या प्रतिस्पर्धींसमोर उभं राहावं लागलं. कुमितेत अंतर हेच सगळं काही असल्याने हा फरक फार जाचतो.

प्रत्येक गटात जागा दहाच होत्या. चार क्रमवारीतून, जून २०२१ च्या पॅरिसच्या पात्रता स्पर्धेतून तीन, एक यजमान जपानची, उरलेल्या दोन खंडांच्या कोट्यातून किंवा निमंत्रणाने. शिवाय एका गटात एका देशाची एकच खेळाडू. क्रमवारीचे गुण मिळवायचे म्हणजे वर्षभर विमानप्रवास, कारण कराटे-वन प्रीमियर लीगच्या स्पर्धा देशोदेशी भरतात. त्यातली एक मोरोक्कोची राजधानी रबातला भरायची. २०१९ च्या आफ्रिकी क्रीडा स्पर्धाही रबातलाच झाल्या. घरच्या मैदानावर खेळायला मिळणं हा मोरोक्कोच्या मुलींचा खरा आधार होता, असं आम्हाला वाटतं.

टोकियोच्या बुडोकान सभागृहात प्रत्येक वजनगटात पाच-पाच जणींचे दोन उपगट पाडले होते. प्रत्येकीला चार लढती, आणि उपगटातल्या पहिल्या दोघी उपांत्य फेरीत. बतिसामची वाटचाल उपगटातच थांबली. सुवर्ण सर्बियाच्या योवाना प्रेकोविचला मिळालं. इजिप्तची जियाना लोत्फी हिने कांस्य मिळवलं, म्हणजे आफ्रिकेचं नाव त्या गटात राहिलं.

प्रश्न : गुण सारखे असताना एकीला विजयी घोषित केलं. कशावरून? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सेन्शूवरून. दुसरीचा गुण झालेला नसताना जी पहिला गुण मिळवते, तिला सेन्शू मिळतो. लढत तीन मिनिटांची. ठोशाला युको म्हणजे १ गुण, धडावरच्या लाथेला वाझा-आरी म्हणजे २, डोक्यावरच्या लाथेला किंवा पाडलेल्या प्रतिस्पर्धीवर नीट मारलेल्या फटक्याला इप्पोन म्हणजे ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते.

मुली नेमक्या कुठे चुकतात ते सांगतो. १-१ झालेलं असतं, सेन्शू आपल्याकडे असतो, म्हणून शेवटच्या पंधरा सेकंदांत मुलगी मागे मागे सरकते. टाच मॅटच्या रेषेपलीकडे जाते, किंवा ती समोरचीला नुसतीच मिठी मारून वेळ काढते. पंच त्याला लढत टाळणं म्हणतात. ताकीद मिळतेच, शिवाय सेन्शूही जातो. मग निकाल पंचांच्या झेंड्यांवर, आणि मागे पळणारीला झेंडे क्वचितच मिळतात. त्यापेक्षा मॅटच्या मधोमध राहून बाजूला पाय टाकत फिरायचं आणि तिने हात टाकला की त्याच क्षणी ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारायची. सरावात घड्याळ पंधरा सेकंदांवर लावून, १-१ अशा गुणांवर, रोज पाच-सहा वेळा हाच प्रसंग खेळवा. आठ बाय आठ मीटरची चौकट टेपने आखून घ्या, म्हणजे रेषा कुठे आहे हे पायाला कळतं.

प्रश्न : हिजाब घालून खेळता येतं का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : हो. जागतिक कराटे महासंघाने मान्य केलेल्या प्रकारचाच हवा, साधा रुमाल चालत नाही. बाकी हातमोजे, नडगी आणि पाऊल यांचे गार्ड, छातीचं संरक्षक, दातांचा गार्ड हे सगळ्याच मुलींना सक्तीचं. मोजे आणि गार्ड लाल व निळे असे दोन्ही संच जवळ ठेवा, कुठल्या बाजूने नाव पुकारलं जाईल ते आधी ठरलेलं नसतं.

प्रश्न : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला कराटे का नव्हतं? – एक प्रशिक्षक, ठाणे

उत्तर : पॅरिसच्या आयोजकांनी आपल्या वाढीव खेळांत ब्रेकिंग, स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि स्पोर्ट क्लायम्बिंग घेतले, कराटे घेतलं नाही. लॉस एंजेलिस २०२८ मध्येही ते नाही. आम्हाला हे मनापासून खटकतं. मोरोक्कोच्या मुलींसाठी आता जागतिक, आफ्रिकी आणि भूमध्यसागरी स्पर्धा हीच मोठी व्यासपीठं आहेत.